हुकाला दिलेलं पाणी

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

फोनवर तू रडतेस आणि मी चिडते; त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. म्हणून लिहिते आहे. आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते, मत नंतर.

पहिली गोष्ट. धाकटा गेला त्या सकाळी यार्डात क्रेनने चार लोखंडी तुळया उचलल्या जात होत्या. दुसरी. तुळया माणसाच्या डोक्याच्या वर गेल्यावर क्रेनचा हुक मानेजवळ तुटला. मुकादम या नात्याने तो खाली उभा होता. तिसरी. तुळया बांधणाऱ्या पैलवानाने त्याच संध्याकाळी कबुली दिली, की दोन बांधायच्या ठिकाणी आपण घाईत चार बांधल्या आणि ते वजन हुकाला पेलले नाही. चौथी. हुकाचे दोन्ही तुकडे चौकशी अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी आमच्याच प्रयोगशाळेत पाठवले. मृत माणूस माझा सख्खा भाऊ आहे, हे मी वर कळवले आणि काम सहकाऱ्याकडे सोपवले. अहवालावर सही त्याची असेल. सूक्ष्मदर्शकातून पाहायला मात्र मला कोणी मनाई केलेली नाही, आणि केली असती तरी मी पाहिले असते. पाचवी. चार तुळयांचे वजन त्या हुकाच्या क्षमतेच्या निम्मेही नव्हते.

याचा अर्थ, पैलवानाची कबुली खोटी आहे.

आता हुकाविषयी. चांगल्या पोलादाचा हुक असा काडीसारखा मोडत नाही. भार जास्त झाला, तर तो आधी आपले तोंड उघडतो. वाक येतो, तो डोळ्यांना दिसतो, आणि खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. या हुकाने तशी कोणतीच सूचना दिली नाही. तुटलेल्या जागी तो साखरेच्या खड्यासारखा चमकतो आहे. पोलाद लाल होईपर्यंत तापवले की त्याच्या आतले कण मोडून नव्याने मांडले जातात. सावकाश निवू दिले तर ते मऊ, एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या थरांत बसतात. तापलेलेच पाण्यात बुडवले तर तेवढा अवकाश त्यांना मिळत नाही, आणि सुयांच्या जुडग्यासारखी ताठर रचना तयार होते. आमच्या हुकात मला सुया दिसल्या. त्यात ती कडाक्याची थंडी. यार्डातूनच आणलेल्या दुसऱ्या, धड हुकाचा तुकडा आम्ही त्या सकाळइतका गार करून हातोड्याखाली ठेवला, तो वाकला. याचा तुकडा पहिल्याच घावाला उडाला.

कोणीतरी हा हुक तापवला आणि पाण्यात घातला. यार्डातले हुक आणि साखळ्या पैलवानाच्या ताब्यात असतात. लहानसा आळ अंगावर घेऊन मोठा अपराध झाकणारी माणसे मी या नोकरीत पुष्कळ पाहिली आहेत. तो धाकट्याचा जिवलग होता, हे ठाऊक आहे. त्यामुळे माझे मत बदलत नाही. त्याच्याबद्दल, त्या हुकाबद्दल, धाकटा घरी काही बोलला असेल तर आठवून कळव.

पाकिटावर सवयीने तुझ्या नावामागे 'सौ.' लिहिले गेले. ते फाडून दुसरे घेतले. तुला हे सांगायला नको होते, पण लिहिलेले मी खोडत नाही.

बाबांना सांभाळ.

तुझी
वन्सं

⁂

२६ जानेवारी

ती. वन्संना,
सा. न.

तुमचं पत्र तीनतीनदा वाचलं. हुकाबद्दल दीड पान आहे आणि ह्यांच्याबद्दल, हे खाली उभे होते, एवढंच. राग मानू नका. तुम्ही अशाच आहात हे मला लग्न ठरलं तेव्हाच ह्यांनी सांगितलं होतं. म्हणाले होते, ताईने चहात साखर कमी आहे असं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, ती मोजूनच बोलते.

मला काही आठवत नाही. हे यार्डातलं यार्डातच ठेवायचे. पैलवानाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, मग तुम्ही आणखी का उकरताय? त्याची नोकरी गेली, पुढे खटला होईल म्हणतात. एवढं पुरे नाही का? तुमच्या सुया आणि थर ह्यांना परत आणणार आहेत का?

परवा तो आला होता. मामंजींनी आवाजावरून ओळखलं. मी दार उघडायच्या आधीच ते काठी टेकत पुढे गेले आणि उंबऱ्यातूनच त्याला नाही नाही ते बोलले. ज्याच्या ताटात जेवलास त्याच्या डोक्यावर लोखंड टाकलंस, म्हणाले. शेजारपाजारचे बाहेर आले. एवढा आडदांड माणूस, मान खाली घालून सगळं ऐकत उभा. जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही.

मामंजींचं जेवण कमी झालंय. डोळ्यांना आता माणूस समोर आहे की खुंटीवरचा कोट, एवढंही कळत नाही. दिवसभर खिडकीशी बसून एक जुनी छिन्नी हातात फिरवत असतात. मागच्या शेडची किल्ली मागतात, भट्टी पेटवायची म्हणतात. मी किल्ली हरवली म्हणून सांगितलंय. कुलूप मीच घातलंय, आणि ते निघणार नाही.

तुम्ही सुट्टी घेऊन आलात तर बरं वाटेल. पण हुकाचं बोलणार असाल तर येऊ नका.

तुमची
वहिनी

⁂

२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझा टोमणा रास्त आहे आणि मी तो नोंदवून घेतला आहे. धाकट्याबद्दल मला लिहिता येत नाही. हुकाबद्दल येते, म्हणून हुकाबद्दल लिहिते. तू याला काय म्हणायचे ते म्हण.

पण तुझ्या पत्राने माझे एक अनुमान ढासळले, हेही मान्य करते. अपराध झाकणारा माणूस मृताच्या दारात जाऊन शिव्या खात उभा राहत नाही. म्हणून काल सगळे गेल्यावर मी तो तुकडा पुन्हा काढला. या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली न ठेवता साध्या भिंगातून, बाहेरून पाहिला.

मानेच्या एका बाजूला, अंगठा बसेल एवढीच जागा घासून आरशासारखी केलेली आहे. बाकी सगळा हुक भट्टीतून निघाला तसा काळा. अशी चकती घासण्याचे कारण एकच असते. पाणी दिलेले पोलाद फार ठिसूळ होते, म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडे नरम करायचे असते. आणि किती तापले, हे त्या घासलेल्या जागेवर उमटणाऱ्या रंगावरून ओळखायचे. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते पण घाव सोसत नाही. छिन्नी जांभळ्यावर उतरवतात. ज्याला लवावे लागते, ती वस्तू निळ्यापर्यंत न्यावी लागते. आता कारखान्यांतून हे काम यंत्रे करतात. डोळ्यांनी रंग पाहून करणारा एकच माणूस मला ठाऊक आहे. त्याने मला फ्रॉक घालायच्या वयात भट्टीसमोर खोक्यावर उभे करून हे रंग पाठ करून घेतले होते, आणि जांभळ्याला निळा म्हटले म्हणून जेवायला उशिरा बसवले होते.

त्या चकतीवरचा रंग अजून तसाच आहे. तो पिवळा आहे. फिकट पिवळा.

बाबांना दिसत नाही, तेव्हा हे काम त्यांचे नाही. राहिला धाकटा. लहानपणी तोही त्या खोक्यावर उभा राहत असे, पण त्याचे लक्ष बाहेर गोट्या खेळणाऱ्या पोरांकडे. अर्धवट पाहिलेले अर्धवट केले आणि मुकादम असून असला हुक क्रेनला चढवला. मला त्याचा संताप आला आहे, वहिनी. मेलेल्या माणसावर संतापता येते, हे मला ठाऊक नव्हते. एरवी मी त्याला बोलावून समोर उभे केले असते आणि त्याने हसून माझे बोलणे उडवून लावले असते.

यापुढचे स्पष्ट लिहिते. सहकाऱ्याच्या अहवालात हुक चुकीच्या पद्धतीने तापवला होता एवढेच येईल; कोणी, ते येणार नाही. तेवढ्यावर चौकशी समिती पैलवानालाच धरील, कारण हुक त्याच्या ताब्यात असतात. चकती म्हणजे काय, हे फक्त मला माहीत आहे. न केलेल्या कामासाठी मी पैलवानाला तुरुंगात जाऊ देणार नाही. माझ्या भावाने हे केले, असे मी लेखी देणार आहे. मुकादमाचे नाव खराब होईल, मुकादमाच्या बहिणीचेही होईल. इलाज नाही. दहा दिवस थांबते. यात काही चूक असेल तर ती दाखवण्याचा अधिकार तुझा आहे.

तुझी
वन्सं

⁂

१३ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

तुम्ही दहा दिवस दिले होते, ते उलटून गेले. रोज लिहायला बसायचे आणि उठायचे. तुम्ही अजून काही पाठवलं नसेल अशी आशा आहे. ह्यांच्यावर एवढा राग घेऊन बसलात म्हणून सांगते, नाहीतर माझ्या तोंडून हे कधीच निघालं नसतं.

तो हुक मामंजींनी केला.

डोळे गेल्यापासून ते नुसते बसून असायचे. चार-चार दिवस बोलायचे नाहीत. दिवाळखोर झालेल्या दुकानदारासारखा चेहरा करून बसतात, असं हे म्हणायचे, आणि पाठ वळली की स्वतःचेच डोळे पुसायचे. यार्डात एक हुक थोडा उघडला होता म्हणून मोडीत काढला होता. तो ह्यांनी घरी आणला. बाबा, हा सरळ करून द्या, यार्डात अडलंय, म्हणाले. अडलं काहीच नव्हतं. चढवायचाही विचार नव्हता. म्हाताऱ्याच्या हाताला काम, एवढंच.

वन्सं, तुम्ही त्या दिवशी मामंजींना बघायला हवं होतं. भट्टी पेटली आणि त्यांची पाठ सरळ झाली. ह्यांना भाता मारायला लावला, मला पाणी आणायला. हात लावून, आवाज ऐकून हुक आवळला. मग म्हणाले, आता पाणी देतो, आमच्या हातचं काम पाण्याशिवाय बाहेर जात नाही. मला यातलं काय कळतं? ह्यांनाही फारसं कळत नव्हतं. रंग बघायचं काम ह्यांच्याकडे दिलं होतं. मी चहा घेऊन आले तेव्हा मामंजी त्या धगीत वाकून उभे होते, पाय थरथरत होते, आणि सारखं विचारत होते, निळा आला का रे? ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आला बाबा, मस्त निळा आलाय. बसा आता."

मागाहून मला हसत सांगितलं, पिवळट काहीतरी दिसत होतं, पण अजून थोडा वेळ उभे राहिले असते तर भट्टीतच पडले असते.

पुढे ते रोज विचारू लागले, हुक चढवला का? हे म्हणायचे, चढवला, झकास चाललाय. महिनाभर असंच. मग मामंजींनी हट्ट धरला, मला यार्डात घेऊन चल, माझा हुक उचलतो कसा ते ऐकायचंय. दिसत नाही तर ऐकतो म्हणाले. हे कसं नाही म्हणणार? पैलवानाला सांगितलं, एकच खेप, मग उतरवून टाकू. पैलवान नको म्हणत होता. मोडीतला हुक आहे, म्हणाला. हे म्हणाले, निम्मंसुद्धा वजन नाही रे, माझ्या बापाने केलाय.

मामंजी कोट घालून फाटकाशी खुर्चीवर बसले होते.

तुळया पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. काय झालं, काय झालं म्हणून ओरडत उठले. पैलवानच धावत त्यांच्याकडे गेला आणि पहिलं वाक्य बोलला ते हेच, की बाबा, माझ्या हातून जास्त बांधलं गेलं. कोणी शिकवलं नाही त्याला. रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, वहिनी, मला दोन हात आहेत, कुठंही हमाली करीन. बाबांजवळ त्यांच्या कामाशिवाय काय उरलंय? मी पाया पडायला वाकले तर मागे सरला.

मागच्या महिन्यात आमच्या दारात उभा राहून तो काय ऐकत होता ते आता तुम्हाला कळलं. आणि मी गप्प उभी होते. मला रोज त्याची लाज वाटते, पण मामंजींकडे बघितलं की तोंड शिवलं जातं.

आता तुम्ही ठरवा. वन्सं, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. त्या रंगाचं तुम्हाला एकट्यांनाच कळलंय ना? मग ते तुमच्यापाशीच राहू द्या. ह्यांचं नाव घालायचं तर घाला, ते आता ऐकायला नाहीत. पण म्हातारपणी त्या माणसाला हे सांगू नका, की तुझ्या हातच्या हुकाने तुझा मुलगा मारला. ते एका दिवसात संपतील.

तुमची
वहिनी

⁂

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मी काही पाठवले नव्हते. मुदत संपल्यानंतरही थांबले होते. का, ते मला सांगता येणार नाही.

धाकट्याबद्दल मी जे लिहिले ते चुकीचे होते.

तुझी विनंती मी मान्य करू शकत नाही. तुझे म्हणणे चार दिवस सर्व बाजूंनी तपासले. गप्प राहिले, तर बाबा उरलेले आयुष्य एका निरपराध माणसाला शिव्या देत काढतील, आणि तो माणूस त्या शिव्या तुरुंगात बसून सोसील. ही दया नव्हे. धाकट्याचे नाव घातले, तर तो खोटा कागद होईल; आणि तोही पिवळ्याला निळा म्हणण्यासारखाच.

सोबत बाबांना पत्र आहे. ते तू वाचू नकोस, तुझा आवाज फुटेल. पैलवानाला बोलाव. त्याने घरात, मेजाशी, खुर्चीवर बसून वाचावे. तू शेजारी बस आणि कागदावर नजर ठेव, कारण तो काही ओळी गाळील. गाळू देऊ नकोस.

मी शनिवारी पोचते. त्याआधी हे वाचून झालेले असावे. माझ्यासमोर वाचले, तर बाबा माझ्या बोलण्याकडे लक्ष देतील, मजकुराकडे नाही.

तुझी
वन्सं

⁂

१७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पैलवान वाचतो आहे. तुम्ही उठू नका आणि त्याला घालवू नका. शेवटपर्यंत ऐका, मग काय बोलायचे ते बोला.

त्या सकाळी तुळया जास्त नव्हत्या. पैलवानाने बरोबर बांधल्या होत्या. तुटला तो हुक, वजनाने नव्हे, स्वतःच्या ठिसूळपणाने. आणि तो तुम्ही केलेला हुक होता.

इथे पैलवान थांबला असेल. त्याला पाणी द्या, आणि पुढे वाचायला सांगा.

तुम्ही हुक आवळला ते काम निर्दोष आहे. मी ते मोजले आहे. डोळ्यांशिवाय असे काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मी मुलगी म्हणून म्हणत नाही. चूक त्याच्या पुढची आहे. छिन्नीला पाणी देतात, कारण छिन्नीने वाकायचे नसते. हुकाने वाकायचे असते, बाबा. तो सावकाश राखेत निववायचा होता. आयुष्यभर तुम्ही छिन्न्या आणि पहारी केल्या, म्हणून हुकालाही तोच मान दिला. त्यावरचा रंग निळा नव्हता, पिवळा होता. धाकट्याने तुम्हाला निळा म्हणून सांगितले, कारण तुमचे पाय कापत होते आणि तुम्ही बसावे असे त्याला वाटत होते. निळ्यापर्यंत नेला असता तरी मी तो हुक वापरू दिला नसता. मात्र त्या स्थितीत तो मोडण्याआधी कदाचित वाकला असता. 'कदाचित' हा शब्द मी जपून वापरते, हे तुम्हाला माहीत आहे.

त्या थंडीत तो टिकणे शक्यच नव्हते. उन्हाळ्यातली एक खेप त्याने कदाचित निभावली असती.

हा हुक त्याला मुळात चढवायचा नव्हता. तुम्हाला त्याचा आवाज ऐकायचा होता, म्हणून त्याने एकदाच चढवला. धाकट्याचा हलगर्जीपणा, असे मी आधी ठरवून टाकले होते. तो हलगर्जी नव्हता. त्याला तुम्हाला नाही म्हणता येत नव्हते. मला येते, म्हणून हे काम माझ्याकडे आले आहे.

पैलवानाने तुमच्यासाठी खोटी कबुली दिली. तुम्ही दारात त्याला जे बोललात ते त्याने ऐकून घेतले आणि पुन्हा तीच कबुली चौकशीत दिली. त्याची नोकरी गेली आहे. सुनावणीत कबुली तशीच राहिली तर तो तुरुंगात जाईल. हे सगळे वहिनीला ठाऊक होते आणि तिने तुम्हाला कळू दिले नाही. तिच्यावर रागावू नका. तुमच्या ताटात रोज वाढून तिने हे पोटात ठेवले आहे.

तुम्हाला हे कळवू नये, असे तिने मला विनवले होते. तुम्ही एका दिवसात संपाल असे ती म्हणते. मला तसे वाटत नाही. पण माझे अनुमान याआधी या प्रकरणात दोनदा चुकले आहे, आणि तिसऱ्यांदा चुकले तर ते मला सोसायचे नाही. तरीही लिहिते आहे.

सुनावणी एक मार्चला आहे. त्याआधी तुमचे निवेदन हवे. हुक कोणी तापवला, पाणी कोणी दिले आणि तो धाकट्याच्या हाती कोणी सोपवला, एवढेच लिहा. वहिनीने लिहून तुम्ही अंगठा उठवायचा, असे मला चालणार नाही. तुम्ही स्वतः लिहा. ओळी एकमेकींवर चढल्या तरी हरकत नाही, मी वाचीन.

दुसऱ्या एका कागदावर, जो चौकशीकडे जाणार नाही, आणखी एक गोष्ट लिहा. हे तुम्हाला सांगून मी बरोबर केले की नाही. नाही असे वाटत असेल, तर तेच लिहा. शनिवारी मी दारात उभी असेन; मला आत घ्यायच्या आधी तो कागद माझ्या हातात द्या. तोंडी निरोप नको. उत्तर तुमच्या अक्षरात, लेखीच हवे.

तुमची
मुलगी